कंट्रोलर काकांचं आवतन

काकांना लकवा झाला त्या दिवशी सोमवार होता. सकाळी त्यांनी चहा घेतला. कप खाली ठेवला. काकूंना हाक मारायला तोंड उघडलं. हाक आली नाही.

ज्या माणसाच्या बाबतीत हे घडलं, त्याची सगळी ओळख आवाजाची होती. ते मेहकरच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीच्या आत मायक्रोफोनसमोर बसून गाड्या पुकारण्यात त्यांची नोकरी सरली. कधी लाऊडस्पीकर बंद पडला तर ते खिडकीतून डोकं बाहेर काढून पुकारत, आणि पलीकडे रसवंतीवर बसलेला माणूस अर्धा ग्लास तसाच ठेवून पळत येई. डोणगावात, म्हणजे आमच्या गावात, त्यांना नावानं कोणी ओळखत नसे. ते कंट्रोलर. मी त्यांची पुतणी, म्हणून माझे कंट्रोलर काका.

घरीही ते स्टँडवरच असल्यासारखे बोलत. संध्याकाळी आले की उंबऱ्यातूनच सांगत, "मेहकरहून येणारी गाडी फलाटाले लागून राह्यली, चहा टाका." काकू आतून म्हणत, "आधी गाडीचे पाय धुवा." त्यांना मूलबाळ नव्हतं. सुट्टीत आम्ही भावंडं तिथेच असायचो. जेवायला उशीर केला की ओसरीवरून आवाज येई, "चला बे प्रवासी, ताटावर बसा. मागाहून येईन त्याले उभ्यानं जा लागन." मला तेव्हा वाटे, सगळ्यांच्याच घरात माणसं असं बोलत असतील.

गावानं या आवाजाला एक कामही लावून दिलं होतं. आमच्याकडे पंगतीचं बोलावणं तोंडी द्यावं लागतं. पत्रिका छापली, फोन केला, तरी आदल्या दिवशी दारात जाऊन कोणी सांगितलं नाही तर माणूस येत नाही, आणि न येण्याचा दोष यजमानाला लागतो. या बोलावण्याला आवतन म्हणतात. ते दोन तऱ्हेचं. एक, एका माणसाचं. म्हणजे घरातून एकानं यायचं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या घरी त्या दिवशी चूलच पेटवायची नाही, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी पंगतीला यायचं. कोणाला कोणतं सांगायचं हे घरातली बाई ठरवते, कारण कणीक तिला मळायची असते. काका स्वतःच्या घरचं आवतन देत तसंच शेजाऱ्यापाजाऱ्यांचंही देत. ते गल्लीत शिरले की चौथ्या घराला आधीच कळलेलं असे. फक्त एका माणसाचं आवतन सांगताना ते समोरच्याकडे बघत नसत. दाराच्या चौकटीकडे बघून सांगत आणि लगेच पुढच्या घराकडे वळत. काकू त्यांची नक्कल करून दाखवायच्या.

लकव्यानंतर पाय लवकर सावरला. उजव्या हातात थोडी ताकद आली. जीभ मात्र परत आली ती दुसऱ्याच कोणाची असल्यासारखी. शब्द निघत, पण ओले, एकमेकांना चिकटलेले; पाण्याला ते 'पाई' म्हणत आणि मग स्वतःच्याच तोंडाकडे बोट दाखवून गप्प होत. डॉक्टर म्हणाले होते, बोलत राहा, दिवसभर बोला, चुकलं तरी बोला. काकांनी पाटी घेतली. डाव्या हातानं मोठी मोठी अक्षरं काढून ते काकूंना काय हवं ते सांगू लागले.

भेटायला येणारी माणसं त्यांच्याशी ओरडून बोलायची, जणू कान गेले आहेत. काका हसल्यासारखं करत. मग त्यांनी भेटणंच सोडलं. कोणी फाटक वाजवलं की ते मागच्या परसात जाऊन बसत आणि काकू सांगत, झोपले आहेत. मी चिखलीला कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते; दर शनिवारी मेहकरला गाडी बदलून डोणगावला जायची. मी गेले की काका बसायचे माझ्याजवळ. एखादा शब्द काढायचा प्रयत्न करत, आणि तो पुरा व्हायच्या आत मी तो पुरा करून द्यायची. मला ती माया वाटत होती. आता तसं वाटत नाही.

रोबोटची आठवण डॉक्टरांमुळे निघाली. उजव्या हाताला बारीक काम द्या, असं त्यांनी सांगितलं होतं. काकूंनी तांदूळ निवडायला दिले. काकांनी ताट बाजूला सारलं. मग एका शनिवारी मी गेले तर शोकेसची काच उघडी होती आणि टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यांनी पत्र्याचा रोबोट आडवा पाडला होता.

हा रोबोट माझा. म्हणजे माझ्यासाठी आणलेला. मी बालवाडीत असताना काका कसल्याशा ट्रेनिंगला मुंबईला गेले होते, तिथून त्यांनी तो आणला. निळ्या पत्र्याचा, छातीवर घड्याळासारखे काटे रंगवलेले, डोळ्यांत लाल दिवे. सेल घातले की पाय ओढत चालायचा आणि आतून कर्रकर्र आवाज यायचा. पोरगी मोडेल म्हणून काकूंनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीसकट शोकेसमध्ये ठेवला. दिवाळीत एकदा बाहेर निघे, पाहुण्यांपुढे चालून दाखवी आणि परत आत. मी त्याला हात लावला असेल तो खोलीभर लोकांच्या देखतच. पुढे केव्हातरी सेल आतच राहिले आणि फुटले.

आता उघडला तर आत पांढरं-हिरवं मीठ साचलेलं. पत्र्याच्या पट्ट्या खाऊन गेलेल्या, एक दातेरी चाक तडकलेलं, डाव्या पायाला गंज. काकांना यातलं थोडं येत होतं. स्टँडवरचा लाऊडस्पीकर बिघडला की तेच तारांना डाग द्यायचा कावीया घेऊन बसायचे. त्यांनी कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवला आणि ते मीठ पुसायला लागले. उजवा हात थरथरत होता. बोळा पुन्हा पुन्हा भलतीकडे जाई. ते पुन्हा आणत. मी येईपर्यंत बहुतेक सकाळ त्यातच गेली होती, आणि काकूंनी सांगितलं, त्यांनी आज पाटी एकदाही मागितली नाही.

पुढचे काही महिने आमचे शनिवार त्यावर गेले. मी ऑनलाइन सामान मागवायची: बारकी मोटर, चार्ज होणारी बॅटरी, नव्या तऱ्हेचे दिवे, अंगठ्याएवढा स्पीकर, आणि दोन बटणांची एक चिप, जिच्यात आवाज भरून ठेवता येतो. त्याच्याबरोबर येणारे कागद इंग्रजीत असत. मी वाचून सांगे, ते डोळे मिटून ऐकत. तडकलेलं चाक त्यांनी तासून बसवलं. गंज काढला, पण रंग लावू दिला नाही. ओरखडे तसेच ठेवले. डाव्या हातात कावीया, उजव्यात शिशाची तार. तार हालायची, तेव्हा मी त्यांचं मनगट धरायची. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा रोबोट उलटा चालत टेबलाच्या काठाकडे निघाला, कारण मोटरच्या तारा आम्ही उलट जोडल्या होत्या. काका हसले. लकव्यानंतर मी त्यांना पहिल्यांदा आवाज करून हसताना ऐकलं. काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, "रिव्हर्स घेऊन राह्यली काय गाडी?"

ती बोलणारी चिप कशासाठी, ते मला आधी कळलं नव्हतं. काका आजारी असताना काकूंनी गावाबाहेरच्या मारुतीला नवस केला होता: हे आपल्या पायांनी चालत तुझ्यापर्यंत आले तर तुझ्यापाशी रोडगे करीन. काका चालत गेले होते. नवस फेडायचा होता. रोडगे म्हणजे कणकेचे मोठे गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले, वर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. त्याचं आवतन द्यायला घरच्या कर्त्या माणसानं जायचं असतं. काकांनी पाटीवर लिहिलं, 'मी जाईन.' काकूंनी विचारलं, "अन् बोलन कोन?" त्यांनी रोबोटकडे बोट केलं.

आवाज भरायच्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना खोलीबाहेर काढलं आणि दार लावलं. आम्ही स्वयंपाकघरात उभ्या होतो. आतून त्यांचा आवाज आला, मग तोच आवाज स्पीकरमधून बारीक होऊन आला, मग शांतता. पुन्हा आवाज, पुन्हा स्पीकर, पुन्हा शांतता. दर वेळी ते पुसून टाकत होते. दार उघडलं तेव्हा त्यांची बनियन घामानं भिजली होती. त्यांनी रोबोट माझ्यापुढे सरकवला आणि पाटीवर एक अक्षर लिहिलं, 'तू'.

तुम्हीच बोला, असं काकू म्हणाल्या नाहीत. मीही म्हणाले नाही. आम्हा दोघींना बरं वाटलं. ते बरं वाटणं आजही मला पानावर लिहायला जड जातं.

मी बोलले, "उद्या आमच्याकडे जेवायला यावे." काकांनी मान हलवली, नाही. मी पुन्हा बोलले. पुन्हा नाही. मला कळत होतं त्यांना काय हवंय, पण ते माझ्या तोंडून निघेना. मी पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्या वर्षी वर्गात 'मले' म्हणाले आणि मागच्या बाकावरून हसू आलं. त्यानंतर मी ती भाषा तोंडातून काढूनच टाकली होती. काका थांबले. मग पाटी न घेता, तोंड वाकडं करून, मोठ्या कष्टानं म्हणाले, "जे-वा-ले." मी त्यांच्या मागून म्हटलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही बटणं भरली. एकावर: "उद्या मारुतीपाशी रोडगे हायेत, एका मानसानं जेवाले या." दुसऱ्यावर: "उद्या मारुतीपाशी रोडगे हायेत, चूलबंद या."

काकूंनी त्यांना घरं नीट समजावली. भावकीतली घरं चूलबंद, बाकी गावात एकेक माणूस. त्या मानानं कणीक. काकांनी मान डोलावली. पहिल्या गल्लीत मी सोबत होते. काका ओट्यावर रोबोट ठेवत, तो चार पावलं चाले, डोळ्यांतले दिवे लागत आणि माझ्या आवाजात आवतन देई. पोरं गोळा झाली. एक म्हातारी म्हणाली, "कंट्रोलर, हे बाई कोन बोलून राह्यली तुमच्या पोटातून?" काका रोबोटच्या मागे उभे, ओठ घट्ट मिटलेले, नमस्कार करत होते. भावकीची गल्ली संपल्यावर त्यांनी मला हातानं परत पाठवलं. पुढचं त्यांना एकट्याला करायचं होतं. त्यांची ताठ पाठ बघून मला चांगलं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहिली पंगत उठली, दुसरी बसली, आणि काकू माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, बाई, मारुतीच्या वाटेवर अजून माणसंच माणसं दिसून राह्यली. सबंध घरंच्या घरं येत होती. म्हातारे काठ्या टेकत, बायका कडेवर पोरं घेऊन. तिसऱ्या पंगतीला पत्रावळी मांडल्या, वरण वाढलं, भाजी वाढली, आणि रोडग्याच्या टोपल्यात खाली मोजके फुटलेले तुकडे उरले होते.

आमच्याकडे याच्याइतकी दुसरी लाज नाही. बसलेली पंगत उपाशी उठली तर ते घर पुढं कैक वर्षं त्या पंगतीच्या नावानं ओळखलं जातं. काकूंनी एका बाईला विचारलं की तुमच्याकडून तर एकच माणूस ना. ती बाई उठून उभीच राहिली. म्हणाली, "आमी काय आगांतुक आलो काय वो? तुमच्या यंत्रानं चूलबंद सांगतलं. सकाळपासून लेकराइले काही देल्लं नाही मी." दुसऱ्या घरचंही तेच, तिसऱ्याचंही. पुरुषांच्या बाजूनं कोणीतरी म्हणालं, यंत्रानं बोलावलं तं वाढाले बी यंत्रालेच सांगा. लोक हसले. तेवढ्यात एका पोरानं पारावर ठेवलेल्या रोबोटचं बटण दाबलं आणि माझा आवाज सगळ्या पंगतीवरून गेला: उद्या मारुतीपाशी रोडगे हायेत, चूलबंद या.

हसू मोठं झालं. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी माझ्या आवाजाकडे बघत उभी राहिले. काही माणसं पत्रावळी पुढं सारून उठायला लागली होती.

काका पारापाशी गेले. रोबोट उचलला, पाठीचा खटका बंद केला, तो खाली ठेवला. मग पंगतीच्या मधोमध येऊन त्यांनी हात जोडले आणि बोलायला लागले. पहिला शब्द आलाच नाही, नुसती लाळ आली. ती त्यांनी बाहीनं पुसली. मी पुढं झाले, त्यांच्याऐवजी सांगायला. त्यांनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला.

"उठू नका," ते म्हणाले. ते तसं स्पष्ट आलं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं. "चूक माही हाये. यंत्राची नाही. दोन बटनं होते. एका मानसाचं दाबाले बोट धजलं नाही." मग खूप वेळ थांबून, "मले पाहाले आले होते तुमी सगळे. मी लपून बसलो होतो. एकेकालेच कसा बोलावू?"

एवढी वाक्यं बोलायला त्यांना केवढा वेळ लागला ते आठवलं की माझ्या अंगावर आजही काटा येतो. काकूंनी पदर बाजूला केला होता. मग मागून एक म्हातारा, जो जन्मभर मेहकरच्या गाडीनं बाजाराला गेला होता, म्हणाला, "कंट्रोलर, गाडी लेट हाये ते समजलं. किती लेट, ते तं पुकारा."

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. छाती भरली. आणि त्या लोळणाऱ्या जिभेनं, शब्दाशब्दाला अडत, ओरडून पुकारलं, "प्रवाशांनी लक्ष द्यावं. रोडग्याची गाडी एक तास उशिरा धावून राह्यली. कोनी स्टँड सोडू नये."

या वेळचं हसू वेगळं होतं. ज्या बाईनं यंत्राचं सांगितलं होतं, तीच पदर खोचून परातीपाशी बसली. कोणी घरून पीठ आणलं, कोणी गोवऱ्या रचल्या. मुलांना वरणात कुस्करायला ते उरलेले तुकडे दिले. तिसरी पंगत जेवायला बसेपर्यंत उन्हं कलली. वाट बघताना लोक काकांच्या भोवती बसले आणि त्यांच्याशी साध्या आवाजात बोलले. ते उत्तर देत होते. शब्द अडला की लोक थांबत होते. तो पुरा करून द्यायची घाई त्यांच्यापैकी कोणालाच नव्हती. ती फक्त मला होती.

त्यानंतर काका बोलत राहिले. वाकडं, ओलं, मोठ्यानं. बँकेत, किराणा दुकानात, रस्त्यात. नव्या माणसाला कळत नसे, तेव्हा ते पुन्हा सांगत, आणि पुन्हा. पाटी काकूंनी शेजारच्या पोरीला देऊन टाकली. रोबोट फ्रिजवर गेला. कोणी पोर आलं तर ते त्याला खेळायला देत, मोडला तरी मोडू दे म्हणत. घरी मी गेले की ते बोलायचे आणि मी गप्प बसायला शिकत होते. मला ते पूर्ण जमलं नाही. एखाद्या शब्दापाशी मी ओठ हलवायचीच. ते माझ्या ओठांकडे बघून थांबत आणि म्हणत, "उतर खाली. माही गाडी हाये."

दुसरा झटका आला तो झोपेत. त्यांना काही म्हणायचं होतं का, ते कळलं नाही.

तेरवीच्या दिवशी पाहुण्यांनी आपापले फोन काढले. कोणाच्या तरी लग्नाच्या व्हिडिओत काकांचा जुना आवाज सापडला, बँडच्या मागे, दोनच शब्द, खणखणीत. सगळ्यांनी तो पुन्हा पुन्हा लावला. बायका रडल्या. काकू ऐकत होत्या, रडत नव्हत्या. शेवटी त्यांनी फोन परत दिला.

"हा नको मले," त्या म्हणाल्या. "हा स्टँडवरचा हाये. मले नंतरचा पाह्यजे. त्या आवाजात ते माह्यासंगं बोलत."

सगळ्यांनी शोधलं. नंतरचा कोणाकडेच नव्हता. लकव्यानंतर त्यांच्यासमोर फोन धरायचा आम्हाला संकोच वाटला होता. आम्हाला वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्यांना तोपर्यंत वाईट वाटायचं थांबलं होतं. ते आमच्या लक्षात आलं नाही.

रोबोट आता चिखलीला माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा मी तो चार्ज करते. तो चालतो, दिवे लागतात. त्याच्यात दोन आवतनं आहेत. दोन्ही माझ्या आवाजात आहेत.